पुढच्यास ठेच

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने नवा छंद लावून घेऊ नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तो मी गेल्या तीन वर्षांत मोडला. सुट्टीत आलेल्या नातवाने माझ्या लिहिण्याच्या मेजावर संगणकाशेजारी एक जॉयस्टिक आणि चार दांड्यांचे थ्रॉटल बसविले, मेजाखाली पायांसाठी पेडल ठेवले आणि म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही वैमानिक. कुठलं विमान देऊ?" त्याच्या मनात आजकालचे, स्वतःचे स्वतःच उडणारे एखादे विमान असावे. मी मात्र बोइंग ७०७ मागितले. त्याने ते नाव ऐकले होते, पण ते कोणी मागेल असे त्याला वाटले नव्हते.

माझ्या मागणीला कारण होते. १९६२ च्या मे महिन्यात मामांकडे मुंबईला गेलो असताना थोरल्या भावाने, दादाने, मला सांताक्रूझ विमानतळाच्या कुंपणापाशी नेऊन हे विमान दाखविले होते. मी नऊ वर्षांचा, तो सतराचा. मागे वळलेले पंख, त्यांखाली लोंबणारी चार एंजिने आणि मागे राहिलेला काळसर धूर एवढेच मला आठवते. दादाने मात्र त्या दिवशी इंदूरला परत पाठवायच्या पत्रात सगळा तपशील लिहिला होता. हे विमान एअर इंडियाकडे १९६० साली आले, ते हिमालयाच्या शिखरांची नावे धारण करते, आणि लवकरच केवळ जेट विमाने वापरणारी जगातील पहिली कंपनी आपली होणार आहे, असे त्यात होते. त्या वयातील माझ्या दृष्टीने दादाला ठाऊक नाही असे जगात काही नव्हते.

संगणकावर असे विमान उडविणे म्हणजे पोरखेळ, असा वाचकांचा समज असेल तर तो मी आधी दूर करतो. जगभरच्या हौशी मंडळींनी जुन्या नियमपुस्तिका आणि छायाचित्रे समोर ठेवून या विमानांचा घड्याळ्यांनी भरलेला कक्ष काट्याकाट्यासह उभा केला आहे. खऱ्या विमानात कप्तान, सहवैमानिक आणि उड्डाण-अभियंता असे तिघे बसत. लांबच्या मार्गावर दिशादर्शक हा चौथा असे. घरी ही चारही माणसे मीच. इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचे ते मी पाहायचे, वजनानुसार उतरण्याचा वेग मी काढायचा, आणि आपण नकाशावर कोठे आहोत याचा हिशेबही मीच ठेवायचा. त्या काळच्या जेट एंजिनाची एक खोड अशी, की मंदावलेल्या एंजिनाकडे शक्ती मागितली तर ती लगेच मिळत नाही. काही सेकंद जावे लागतात. त्यामुळे गरज पडण्यापूर्वीच गरज ओळखावी लागते. पहिल्या महिन्यात मला हे जमले नाही आणि मी कितीतरी वेळा धावपट्टीच्या अलीकडेच आदळलो. पडदा काळा होई, पुन्हा एक कळ दाबली की विमान नव्यासारखे उभे राही.

या 'नव्यासारखे' शब्दापाशीच माझा प्रश्न सुरू झाला. ज्या कृतीचा परिणाम एका कळीने पुसता येतो, तिला कृती म्हणावे काय? आपल्या परंपरेत फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, असे सांगितले आहे. येथे तर मुळात फळच नाही. मग हे निष्काम कर्म झाले का? थोडा विचार केल्यावर उत्तर नकारार्थी आले. निष्काम कर्मात फळ असते, कर्ता त्याच्यावरचा हक्क सोडतो. माझ्या मेजावर फळ नव्हते, पण कामना भरपूर होती. उतरणे चांगले झाले की नातवाला सांगावेसे वाटे. वाईट झाले की कोणी पाहिले नाही ना, म्हणून मी दाराकडे बघे. हे निष्फळ कर्म होते, निष्काम नव्हे.

तरीही ते निरुपयोगी नाही. विमानविद्येत कृत्रिम सरावाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक या तरुणाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस असे पहिले महत्त्वाचे यंत्र बनविले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. पेटीचा भाता आपण जाणतोच. तसल्याच भात्यांवर त्याने आपले खोटे विमान डोलविले. प्रारंभी लोकांनी त्याला जत्रेतल्या करमणुकीची वस्तू मानले. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले आणि ढगांत, अंधारात अनेक तरुण मेले, तेव्हा सैन्याने ही यंत्रे विकत घेतली. खोट्या विमानात चुकावे म्हणजे खऱ्या विमानात चुकण्याचे प्रसंग कमी येतील, हा त्यामागचा विचार. त्याची सत्यता आता कोणी नाकारत नाही. माझी शंका त्या विचाराविषयी नव्हती. खोट्या विमानात बसून खऱ्या विमानातील माणसाचा निवाडा करता येतो का, ही माझी शंका होती. ती मला कशी पडली, ते सांगतो.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनगंगा' नावाचे ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले होते. जिनिव्हाला उतरण्यापूर्वी सकाळी आठच्या सुमारास ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ११७ जण गेले. त्यांत व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा होते. आमच्या पिढीतील ज्यांना तो दिवस आठवतो, त्यांना एका विलक्षण योगायोगाचीही आठवण आहे: त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. इतक्या मोठ्या माणसाच्या मृत्यूला तितकेच मोठे कारण असले पाहिजे असे मनाला वाटते, म्हणून या अपघाताभोवती घातपाताच्या कथा आजही फिरतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र अगदी साध्या, आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवितो.

तो समजण्यासाठी एक तांत्रिक बाब सांगतो. जमिनीवरील 'व्हीओआर' नावाची केंद्रे रेडिओ-संदेश पाठवितात, आणि आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत हे विमानातील सुई दाखविते. अशा दोन केंद्रांच्या दिशा मिळाल्या की त्या रेषा जेथे छेदतात, तेथे आपण. विमानात यासाठी दोन संच असतात. 'कांचनगंगा' बैरूतहून निघाले तेव्हा त्यांतील एक संच नादुरुस्त होता. माँ ब्लाँच्या संदर्भात आपण कोठे आहोत याचा कप्तानाचा हिशेब चुकला आणि त्याने तो चुकलेला अंदाज नियंत्रकाला कळविला. रडारसमोर बसलेल्या नियंत्रकाला चूक दिसली. त्याने खरे स्थान सांगितले. आपल्या बोलण्यावरून कप्तान हिशेब सुधारून घेईल असा त्याचा समज झाला. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. कप्तानाने त्यांचा अर्थ, पर्वताची धार आपण ओलांडली आहे, असा घेतला आणि उतरणे चालू ठेवले. दोघांनीही आपापले काम केले होते, आणि दोघांनाही आपण एकच गोष्ट बोलत आहोत असे वाटत होते.

हे सर्व वाचल्यावर एका रात्री मी ते उड्डाण स्वतः करून पाहिले. बैरूतहून निघालो, एक संच बंद ठेवला, जिनिव्हाकडे आलो, आणि पर्वत मागे पडल्याची पुरती खात्री होईपर्यंत उंची सोडली नाही. त्यानंतर सावकाश उतरून धावपट्टीवर चाके टेकवली. एंजिने बंद करताना माझ्या मनात जे वाक्य उमटले ते लिहिताना आज लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. ते वाक्य होते: "एवढंच तर करायचं होतं!"

ते वाक्य माझ्या ओळखीचे होते. ते मी पूर्वी कोठे म्हटले होते, ते तेव्हा मात्र आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाशी फोनवर बोलताना मी हा पराक्रम त्याला सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "आजोबा, तुम्हाला डोंगर कुठे आहे ते माहीत होतं. तुम्ही डोंगर टाळायलाच निघाला होतात. ते जिनिव्हाला निघाले होते." हा मुलगा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण हिंडसाइट म्हणजे काय, ज्याला आपण पश्चातबुद्धी म्हणतो, याची इतकी नेमकी व्याख्या मी कोठे वाचलेली नाही. मी माझे अज्ञान सोडून बाकी सगळे त्या कप्तानासारखे मांडले होते.

मग आम्ही दोघांनी एक प्रयोग ठरविला. दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी बैरूतहून तेहरानला निघालो. वाटेत काय बिघडवायचे, वारा कसा ठेवायचा, हे त्याने मला न सांगता ठरवायचे. काही बिघडवायचे की नाही हेही त्यानेच. तेहरानच्या उत्तरेला अल्बोर्झची रांग आहे, हे मला ठाऊक होते. आकाश ढगांनी भरलेले होते. उड्डाण उत्तम चालले होते. एके ठिकाणी दोन सुयांची उत्तरे जुळेनात. मी दुसरी सुई संथ आहे असे मानले आणि पुढे गेलो. केंद्र ओलांडले असे समजून उतरू लागलो. खालच्या ढगांतून करडा खडक वर आला, आणि पडदा काळा झाला.

नातू म्हणाला, "तुम्ही बरेच उत्तरेला गेला होतात. एक सुई मी अडकवून ठेवली होती. दोन्ही जुळत नाहीत हे तुम्हाला दिसलं होतं, मी बघत होतो."

खरेच दिसले होते. आणि मला त्या क्षणी कसलीही शंका आली नव्हती. हाच या सर्व प्रकरणातील माझ्यापुरता शोध. चूक घडत असताना ती आतून चुकीसारखी भासत नाही. ती हुबेहूब बरोबर असल्यासारखी भासते. बरोबर निर्णय घेताना मनाला जो शांतपणा असतो, तोच चुकीच्या निर्णयाच्या वेळीही असतो. दोघांत फरक पडतो तो नंतर, आणि तो आपल्या आत नसून बाहेर, खडकाच्या रूपाने पडतो.

यावर एक आक्षेप सहज सुचेल. असे म्हटले तर कोणतीच चूक चूक राहणार नाही आणि जबाबदारी या शब्दाला अर्थ उरणार नाही. हा आक्षेप मला टाळता येत नाही. माझ्या मते येथे चौकशी आणि निवाडा यांत भेद केला पाहिजे. चौकशी मागून येणाऱ्यासाठी असते. तिला कठोर असण्याचा अधिकार आहे, किंबहुना तिचे ते कर्तव्यच आहे. कोणता संच नादुरुस्त होता, कोणता शब्द संदिग्ध ठरला, हे तिने निर्दयपणे सांगावे. दोन सुया जुळत नाहीत हे दिसूनही मी पुढे गेलो, याचा जाब मला विचारलाच पाहिजे. निवाडा मात्र पुढे गेलेल्या माणसाच्या योग्यतेविषयी असतो, आणि तो करताना आपण त्याच्या हाती नसलेले ज्ञान गुपचूप त्याच्या हाती ठेवतो. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मागचा शहाणा होतो, एवढेच ती सांगते. पुढचा मूर्ख होता असे तिच्यात कोठेही म्हटलेले नाही. ते आपण आपल्या पदरचे घालतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक दैवाविषयीच्या आपल्या निबंधात एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले आहे. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या ट्रकखाली येते. भोवतालचे लोक त्याला समजावतील, तुझा दोष नाही म्हणतील, आणि ते खरेच असेल. पण तो जर लगेच, "हो, माझा दोष नाही," असे म्हणून निर्विकारपणे चालू लागला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. दोष नसतानाही ज्याच्या हातून घडले त्याला जी खंत वाटते, ती प्रेक्षकाच्या हळहळीहून निराळी असते. माझ्या मेजावरच्या विमानात सारे काही आहे, ही खंत तेवढी नाही. अल्बोर्झवर आदळल्यानंतर मी आणि नातवाने चहा घेतला.

खऱ्या पर्वतावर मात्र काहीच पुसले जात नाही. माँ ब्लाँच्या उतारावरची बोसाँ हिमनदी त्या विमानाचे अवशेष आजही थोडेथोडे परत करीत आहे. २०१२ साली भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली बर्फातून वर आली. २०२० साली भारतातील वृत्तपत्रे निघाली. त्यांत इंदिरा गांधींच्या निवडीच्या ठळक बातम्या होत्या. २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला तेथे पाचू, नीलम, माणकांची पेटी सापडली. आजूबाजूला पाहणारे कोणी नव्हते. त्याने ती पोलिसांच्या हवाली केली. वारसांचा शोध निष्फळ ठरल्यावर २०२१ मध्ये ते खडे तो आणि शामोनी गाव यांच्यात वाटले गेले. त्याच्या वागण्यात मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिसले. गेलेल्यांची वस्तू हाती आली तर ती आपली नव्हे, हे तो जाणत होता. गेलेल्यांची चूकही आपल्या हाती येते ती अशीच, बर्फातून वर आलेली. ती जपून, जाणून घ्यावी. तिने स्वतःला सजवू नये. जिनिव्हाचे ते उड्डाण मी पुन्हा केले नाही.

उरलेले अर्धे उत्तर घरातले आहे.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये आमचे वडील, नाना, इंदूरच्या जुन्या घरी गेले. मी तेव्हा नोकरीनिमित्त मुंबईत होतो. रात्री दहाच्या सुमारास त्यांच्या पोटात वरच्या बाजूला दुखू लागले. दादाने डॉक्टरांना बोलाविले. त्यांनी तपासून अपचन असल्याचे सांगितले, औषध दिले, सकाळी पुन्हा बघू म्हणाले. पाऊस कोसळत होता. नानांना औषधाने बरे वाटले, झोप लागली. दादा उशाशी बसून राहिला. पहाटे साडेतीनला सारे संपले होते. तो हृदयविकार होता. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो, सर्व ऐकून घेतले आणि दादाला म्हणालो, "रात्रीच रुग्णालयात न्यायचं. एवढंच तर करायचं होतं!"

त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. भांडण नव्हते, अबोला नव्हता. सणवार, लग्नकार्ये सर्व रीतसर झाली. पण ते वाक्य मी कधी मागे घेतले नाही, कारण ते मला खरेच वाटत होते. आणि ते खरेच होते. सकाळी उजाडल्यावर खरे होते. रात्री दहा वाजता ते कोणालाच ठाऊक नव्हते. दादाच्या हाती जे होते ते डॉक्टरांचा शब्द, नानांची लागलेली झोप आणि पाऊस. त्या रात्री मी त्याच्या जागी असतो, तर नानांच्या झोपेकडे पाहून माझेही मन तसेच शांत झाले असते. वर्षानुवर्षे मी उजेडात बसून त्याच्या अंधाराचा हिशेब तपासत होतो.

गेल्या माघात दादाकडे गेलो. आता तो ऐंशीचा आहे. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी त्याला विमानाची हकिगत सांगितली, सांताक्रूझपासून अल्बोर्झपर्यंत. नंतर म्हणालो, "दादा, नाना गेले तेव्हा मी तुला एक बोललो होतो."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू ते एकदाच बोललास. मी रोज बोलतो." वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "भाऊजी, हे अजून पहाटे साडेतीनला उठून बसतात."

मी त्याची क्षमा मागितली. त्याने मान हलविली. माझ्या क्षमेने त्याची खंत जाणार नाही हे आम्हा दोघांनाही कळत होते. विल्यम्स यांचा ट्रकचालक कोणाच्या समजावण्याने मोकळा होत नाही, तसाच दादाही होणार नव्हता. पण माझा निवाडा त्या खंतीवर जे ओझे घालीत होता, तेवढे तरी उचलणे माझ्या हाती होते. चाळीसहून अधिक वर्षे ते मी उचलले नव्हते.

चहा झाल्यावर दादाने विचारले, "मग ते विमान तुला उतरवता येतं का आता?"

"हवा चांगली असली तर," मी म्हणालो.

"एकदा मलाही दाखव," तो म्हणाला.